इयत्ता ४थी आणि जपानी कांजी

जपानी भाषेला तीन लिप्या आहेत हे ऐकल्यावर बहुतेकांची समजूत अशी होते, की एकच मजकूर तीन तऱ्हांनी लिहिता येत असणार आणि आपण त्यातली सोपी निवडायची. तशी सोय नाही. हिरागाना, काताकाना आणि कांजी (चीनमधून आलेली अर्थचिन्हं) या तिन्ही एकाच वाक्यात एकमेकींना खेटून येतात. ‘वाताशी वा तेरेबी ओ मिमासु’, म्हणजे ‘मी टीव्ही बघतो’, हे साधं वाक्य घ्या. त्यातलं ‘वाताशी’ (मी) कांजीत, एका चिन्हात. ‘वा’ हा प्रत्ययासारखा मागे लागणारा शब्द हिरागानात. ‘तेरेबी’ इंग्रजीतून आलेला, म्हणून काताकानात. ‘ओ’ पुन्हा हिरागानात. आणि ‘मिमासु’ या क्रियापदाचे दोन तुकडे: ‘बघणे’ हा अर्थ सांगणारा ‘मि’ कांजीत, ‘मासु’ हे शेपूट हिरागानात.

म्हणजे वाटणी अशी आहे. अर्थाचा गाभा कांजीत, व्याकरण हिरागानात, बाहेरून आलेले शब्द काताकानात. याला अपवाद पुष्कळ आहेत, पण पहिलं वर्षभर एवढ्यावर भागतं.

जपानीत शब्दांच्या मध्ये जागा सोडत नाहीत. मोडीतही शब्द असे तोडत नसत आणि ती वाचताना डोळ्यांना काय त्रास होतो, हे मोडी शिकलेल्यांना माहीत आहे. जपानीत तो त्रास कांजी वाचवते. ओळीत अचानक गच्च रेघांचं चिन्ह आलं, की नवा शब्द सुरू झाला असं समजायचं. मागून येणारी वळणदार, विरळ हिरागाना अक्षरं दिसली, की तो संपत आलाय. त्यामुळे एक मजेशीर गोष्ट घडते. नवशिक्या म्हणतो, ‘सगळं हिरागानातच लिहा ना, सोपं पडेल.’ चार महिन्यांनी त्यालाच हिरागानाची सलग ओळ वाचवत नाही.

वर्णमाला ओळखीची निघते

हिरागानात ४६ मूळ अक्षरं आहेत, काताकानातही तेवढीच, आणि दोन्हींचे उच्चार तेच. त्यांचा तक्ता उघडला की मराठी माणसाने थांबून नीट बघावं. स्वर: अ, इ, उ, ए, ओ. पुढच्या ओळी: क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो, कारण तो आपल्याच वर्णमालेवरून बेतलेला आहे. संस्कृत मंत्र लिहायची सिद्धम् लिपी बौद्ध भिक्षूंमार्फत चीनमधून जपानला गेली. ८०४ साली चीनला जाऊन ८०६ मध्ये परतलेला कूकाई हा भिक्षू या परंपरेतलं मोठं नाव. जपानी कबरींमागे ‘सोतोबा’ नावाच्या उंच लाकडी फळ्या उभ्या असतात, त्यांच्यावर आजही सिद्धम् अक्षरं लिहिलेली दिसतात. सोतोबा हा शब्दच ‘स्तूप’वरून आलेला. संस्कृत ध्वनी शिकता शिकता या पंडितांनी आपल्या भाषेचे ध्वनीही त्याच चौकटीत मांडले. तशा मांडणीचे जपानी नमुने अकराव्या शतकापासून मिळतात, आणि आजचे शब्दकोश त्याच क्रमाने लावलेले असतात.

आता तक्ता आपल्या वर्णमालेवर ठेवून पाहा. क-वर्ग जागेवर. ट-वर्ग जपानीत नाहीच. त आणि न जागेवर, म, य, र, व जागेवर. फक्त दोन ठिकाणी खटकतं: च-वर्गाच्या जागी ‘स’ बसलाय आणि प-वर्गाच्या जागी ‘ह’.

‘ह’चं कोडं लवकर सुटतं. जुन्या जपानीत तो ‘प’ होता. पुढे ओठ सैल होत होत त्याचा ‘फ’सारखा उच्चार झाला आणि शेवटी ‘ह’. नागासाकीत १६०३ मध्ये पोर्तुगीज पाद्र्यांनी जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापला, त्यात आजच्या ‘ह’च्या जागी सरसकट ‘फ’ आहे. देशाच्या नावाचे ‘निप्पोन’ आणि ‘निहोन’ असे दोन उच्चार अजून चालतात, त्यातही हाच प-ह दिसतो. हा इतिहास माहीत असला की नवशिक्याला छळणारी एक गोष्ट सोपी होते. अक्षराच्या उजव्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिल्या की अघोषाचा घोष होतो: क चा ग, त चा द. आणि ह चा? ब. शिक्षक म्हणतात, पाठ करा. पण आपल्याला माहीत आहे की ‘ब’ हा ‘प’चाच सोबती, ही ओळ मुळात प-वर्गाची आहे एवढं लक्षात ठेवलं की पाठ करायला काही उरत नाही. खुद्द ‘प’ हवा असेल तर रेघांऐवजी छोटं वर्तुळ काढतात.

च-वर्गाच्या जागी ‘स’ का, याचं भाषाशास्त्रज्ञांचं उत्तर असं, की त्या काळी जपानी ‘स’चा उच्चार ‘च’कडे झुकणारा असावा. कुठला च? बहुधा आपल्या ‘चमचा’मधल्यासारखा.

आणि इथे मराठीचा खास फायदा आहे, जो हिंदी भाषकालाही नाही. जपानी त-ओळ ‘ता, ती, तू, ते, तो’ अशी जात नाही. दुसरं अक्षर ‘चि’ आहे, ‘चिमणी’तल्या च चं, आणि तिसरं ‘चु’, ‘चूल’मधल्या च चं. रोमन लिपीतून शिकणारे या तिसऱ्या अक्षराशी आठवडाभर झटापट करतात. तुम्ही फक्त चूल म्हणायचं. तसंच स-ओळीत ‘सि’ नाही, ‘शि’ आहे. ते विचित्र वाटायचं कारण नाही; म्हैस एक असते आणि म्हशी अनेक. ‘इ’पुढे स चा श करायची सवय आपल्या जिभेला आहेच. घोष केला की हीच ओळ ‘जोर’मधला ज घेते आणि फक्त ‘इ’ला ‘जिरे’मधला.

फायदा इथवर. आता तोटा. आपली बाराखडी पाहणाऱ्याला कळते: क एकदा शिकला की का, कि, कु, के, को मध्ये तो डोळ्यांना दिसत राहतो. जपानीत मात्रा नाहीत. का, कि, कु, के, को ही पाच वेगळी चित्रं आहेत, एकमेकांशी कसलंही नातं नसलेली. म्हणून ४६ ही संख्या वाटते तेवढी लहान नाही. तरीही रोज अर्धा तास हाताने गिरवलं तर दोन-तीन आठवड्यांत हिरागाना बसते. ‘हाताने’ यावर मी जोर देईन. फोनवर बोटाने अक्षरं ओळखायचे खेळ चांगले आहेत, पण नु आणि मे, रे आणि ने, रु आणि रो या जोड्या फक्त बघून वेगळ्या राहत नाहीत. मनगटाला वळण कळलं की राहतात.

जोडाक्षरांची कल्पना मात्र पुन्हा ओळखीची. ‘कि’ लिहून पुढे ‘या’ हे अक्षर लहान आकारात काढलं की ‘क्या’. लहान की मोठं, याने अर्थ फिरतो: ‘ब्योऽइन’ म्हणजे हॉस्पिटल आणि ‘बियोऽइन’ म्हणजे ब्यूटी पार्लर; फरक एका ‘यो’च्या उंचीचा. लहान ‘चु’ चा स्वतःचा उच्चार नसतो, तो पुढचं व्यंजन दुप्पट करतो: ‘किते’ म्हणजे ये, ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचं तिकीट. पता आणि पत्ता यांतला फरक ऐकणाऱ्या कानाला हे जड जाऊ नये. शेवटचं अक्षर ‘न्’ हा तर जवळजवळ आपला अनुस्वार. शिंबुन (वर्तमानपत्र) मध्ये तो म् होतो, तेंकी (हवामान) मध्ये ङ्, ओंदो (तापमान) मध्ये न्. फक्त जपानी माणूस त्याला पूर्ण एक ठोका देतो, आपण घाईत गिळतो.

मराठी जिभेचा खरा घोटाळा दीर्घ स्वरांत होतो. मराठीत ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही, आणि इ-उ बाबत आपण बोलताना फारसे काटेकोर नसतो. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. पन्नाशीच्या बाईंशी बोलताना हा ‘आ’ लांबला तर काय होईल ते सांगायला नको. टोकियोचं नाव हिरागानात पाच चिन्हांचं आहे: तो, उ, कि, लहान यो, उ. ऐकायला ‘तोऽक्योऽ’, दोन्ही ओ लांब. लिहिताना तो लांबलेला ओ ‘उ’ने दाखवतात.

याच कारणासाठी वहीत प्रत्येक जपानी अक्षरावर देवनागरी लिहून ठेवायची सवय पंधरा दिवसांच्या वर चालू देऊ नये. डोळा परिचित लिपीकडेच जातो आणि खालचं अक्षर नुसतं शोभेला उरतं.

अजून तीन अक्षरं नियम मोडतात. वर ज्याला ‘वा’ म्हटलं तो विषय दाखवणारा शब्द लिहितात ‘हा’. दिशा दाखवणारा ‘ए’ लिहितात ‘हे’. कर्माचा ‘ओ’ लिहितात ‘वो’ या अक्षराने. १९४६ मध्ये सरकारने शुद्धलेखन बोलीप्रमाणे करून घेतलं, तेव्हा एवढे तीन जुने अवशेष राहू दिले.

काताकाना: कोनदार आणि फसवी

दोन्ही काना, म्हणजे हिरागाना आणि काताकाना, कांजीतूनच निघाल्या. आठव्या शतकात जपानी कवी कांजीचा अर्थ सोडून नुसता उच्चार घेत आणि आपली भाषा लिहीत. तीच चिन्हं भरभर लिहिता लिहिता गोल झाली, ती हिरागाना. भिक्षूंनी चिनी ग्रंथांच्या ओळींमध्ये टिपणं करताना कांजीचा एखादाच तुकडा तोडून वापरला, ती काताकाना. दोन्हींतला ‘का’ एकाच कांजीचा आहे: एकाने सगळं चिन्ह वळवून लिहिलं, दुसऱ्याने नुसता डावा भाग उचलला. एकेका उच्चाराला पूर्वी अनेक रूपं होती. १९०० मध्ये शाळांसाठी एकेकच ठरवलं. सोबा नूडल्सच्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर मात्र एखादं बाद झालेलं रूप अजून भेटतं आणि हिरागाना ‘संपवलेला’ विद्यार्थी तिथे अडखळतो.

काताकानात शि आणि चु यांचं भांडण प्रसिद्ध आहे. दोन्हींत दोन छोट्या रेघा, एक लांब. शि मध्ये छोट्या रेघा डाव्या बाजूला एकाखाली एक, आणि लांब रेघ खालून वर. चु मध्ये छोट्या रेघा वर शेजारी शेजारी, आणि लांब रेघ वरून खाली. एकेक छोटी रेघ काढून टाका, न आणि सो यांची जोडी तयार. रेघांचा क्रम कशाला पाळायचा, असं विचारणाऱ्याला हे चार अक्षरांचं उत्तर पुरेसं आहे.

अक्षरं ओळखली तरी शब्द ओळखता येईल असं नाही. ‘माकुदोनारुदो’ म्हणजे मॅकडोनाल्ड हे मोठ्याने तीनदा म्हटल्यावर उलगडतं. आडव्या रेघेने स्वर लांबवतात, आणि ती रेघ चुकली तर ‘बीरु’ (बीअर) ऐवजी ‘बिरु’ (इमारत) मागवाल. आणि सगळे शब्द इंग्रजीतले नसतात. अर्धवेळ नोकरीला ‘आरुबाइतो’ म्हणतात, तो जर्मन. ब्रेडला ‘पान’ म्हणतात, तो पोर्तुगीज. गोव्यातून आपल्याकडे जो ‘पाव’ आला, त्याचाच हा जपानी भाऊ.

कांजी

आता ज्याची भीती असते ते. जपान सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीत २०१० पासून २,१३६ कांजी आहेत. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मुलं १,०२६ शिकतात. पहिलीत फक्त ८०. आकडा ऐकून घाबरण्यापेक्षा कांजी करते काय ते आधी समजून घ्यावं, आणि ते समजायला एक मराठी शाळेची पाटी पुरते.

पाटीवर ‘इयत्ता ४थी’ लिहिलेलं असतं. तुम्ही ते ‘चौथी’ वाचता. ‘चारथी’ नाही. तेच चिन्ह ‘४ आंबे’ मध्ये ‘चार’ वाचता. ‘१ला’ म्हणजे पहिला, ‘२रा’ म्हणजे दुसरा. चिन्ह तेच, उच्चार प्रसंगाप्रमाणे वेगळा, आणि कुठला ते मागची ‘थी’, ‘ला’, ‘रा’ ही अक्षरं सांगतात. ४ हे चिन्ह उच्चार दाखवतच नाही, अर्थ दाखवतं. म्हणूनच हिंदीवाला त्याला दुसऱ्या शब्दाने वाचतो आणि त्याचं काही अडत नाही. कांजी म्हणजे हेच, पण फक्त अंकांपुरतं नव्हे तर माणूस, पाणी, जाणे, खाणे या सगळ्यांसाठी.

मागे लागणाऱ्या हिरागाना शेपटाला ‘ओकुरिगाना’ म्हणतात. ‘जाणे’च्या कांजीपुढे ‘कु’ असेल तर ‘इकु’, म्हणजे जाणे. त्याच कांजीपुढे ‘उ’ असेल तर ‘ओकोनाउ’, म्हणजे पार पाडणे. आपली ‘४थी’ आणि ‘४ला’, दुसरं काही नाही.

एका कांजीला अनेक उच्चार का, याचं कारण इतिहासात आहे. चिन्हं चीनमधून आली तेव्हा जपानकडे स्वतःचे शब्द होतेच. पाण्याला ते ‘मिझु’ म्हणत. पाण्याच्या चिन्हाबरोबर चिनी उच्चारही आला, जो जपानी तोंडात ‘सुइ’ झाला. दोन्ही राहिले. सुटं पाणी ‘मिझु’, आणि जोडशब्दात बहुतेक वेळा ‘सुइ’. मराठीतही आपण पाणी पितो पण खातं जलसंपदा असतं. फक्त आपण दोन शब्द दोन तऱ्हांनी लिहितो, जपानी एकाच चिन्हाने. देशी उच्चाराला ‘कुन’, चिनीवरून आलेल्याला ‘ओन’ म्हणतात. चिनी उच्चारही एकदाच नव्हे, वेगवेगळ्या शतकांत आणि चीनच्या वेगवेगळ्या भागांतून आले, म्हणून ओनसुद्धा कधी दोन-तीन निघतात.

रविवार म्हणजे ‘निचियोऽबी’. तीन कांजींचा शब्द, त्यात पहिली आणि तिसरी एकच, सूर्याची. पहिल्या जागी ती ‘निचि’, तिसऱ्या जागी ‘बी’. ‘निहोन’मध्ये तीच ‘नि’. आणि ‘आज’ या शब्दात, ‘आत्ता’च्या कांजीसोबत, ती कुठलाच वेगळा उच्चार देत नाही, दोन्ही मिळून ‘क्योऽ’. यात कुठला आवाज कुणाचा हे शोधायला जाऊ नये. आपणही ‘२½’ ला ‘अडीच’ म्हणतो, त्यातला ‘२’ नेमका कुठे ऐकू येतो?

म्हणून माझं मत ठाम आहे: सुट्या कांजीसमोर तिचे सगळे उच्चार लिहून घोकणं हा वेळेचा अपव्यय आहे. शब्द शिकावा. रविवार शिकलात की निचि आणि बी आपोआप आले.

आकाराचंही तसंच. झाडाचं चिन्ह एकदा काढलं तर झाड, दोनदा शेजारी काढलं तर राई, तिनदा रचलं तर अरण्य. माणूस झाडाला टेकला तर ‘विश्रांती’. अशा चित्रकथा पहिल्या काही डझन कांजींपुरत्या छान चालतात, आणि अनेक शिक्षक तिथेच रमतात. पुढच्या बहुतेक कांजी चित्रं नाहीत. त्यांचा एक भाग अर्थाचा गट सांगतो, दुसरा उच्चार सुचवतो. ‘तांबं’ची कांजी: डावीकडे धातू, उजवीकडे ‘सारखं’ या अर्थाची कांजी. तांब्यात सारखेपणा काय शोधायचा? काही नाही. उजवा भाग ‘दोऽ’ असा वाचतात आणि तांबंही ‘दोऽ’, एवढंच त्याचं काम. ‘निळा’ची कांजी ‘सेइ’ वाचतात. तिला पाणी जोडलं की स्वच्छ, सूर्य जोडला की निरभ्र, तांदूळ जोडला की शुद्ध केलेलं, आणि तिघींचा ओन ‘सेइ’च. दर वेळी इतकं नीट जुळत नाही, पण शंभरएक कांजी झाल्या की हा धागा आपोआप दिसायला लागतो आणि नंतरच्या पाचशे पहिल्या शंभरांपेक्षा हलक्या जातात.

पुण्या-मुंबईत जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा देणारे विचारतात, की परीक्षेत हाताने लिहायचं नसतंच, सगळे प्रश्न पर्यायांचे, मग गिरवायचं कशाला? सगळ्या कांजी गिरवायची गरज नाही, हे खरं. संगणकावरही उच्चार टाइप करायचा आणि यादीतून कांजी निवडायची अशीच रीत आहे. ही सोय घेऊन तोशिबाचं पहिलं यंत्र १९७८ मध्ये जाहीर झालं तेव्हा ते टेबलाएवढं होतं आणि किंमत होती ६३ लाख येन. आज ते काम फोन फुकट करतो. पण ‘हाशी’ टाइप केल्यावर पूल, जेवायच्या काड्या आणि कड असे तीन पर्याय समोर येतात. त्यांतला योग्य ओळखायला कांजीचे अवयव डोळ्यांत बसलेले लागतात. एन-५ या सर्वांत सोप्या पातळीसाठी लागणाऱ्या साधारण शंभर कांजी तरी चौकटीच्या वहीत लिहाव्यात, पुढच्या वाचूनही चालतील. वाचायला मुलांसाठीची मांगा (चित्रकथांची पुस्तकं) उत्तम, कारण त्यांत कांजीच्या डोक्यावर किंवा बाजूला बारीक हिरागानात उच्चार छापलेला असतो. त्याला ‘फुरिगाना’ म्हणतात.

फुरिगाना मोठ्यांनाही लागतो. माणसाच्या नावातली कांजी कशी वाचायची याचा अंदाज जपानी माणसालाही नेहमी येत नाही, म्हणून तिथल्या अर्जांवर नावाच्या वर उच्चारासाठी वेगळा रकाना असतो. गंमत म्हणजे सरकारी कुटुंब-नोंदवहीत हा उच्चार नोंदवायची तरतूद मे २०२५ मध्ये झाली. तोवर तिथे नुसत्या कांजी असत.

तुमचं नाव मात्र काताकानात जाणार, आणि ते पहिल्या आठवड्यात लिहून बघावं. ळ आणि ल दोन्ही नाहीत, त्यामुळे काळे आणि काले दोघे ‘कारे’ होतात. कुलकर्णी ‘कुरुकारुनी’. शिंद्यांची अडचण वेगळी आहे: त्यांचं आडनाव अक्षर न अक्षर बसतं, पण ‘शिंदे’ हे जपानीत ‘मरणे’ या क्रियापदाचं रूप आहे, मरून. हिरागानात लिहिलं तर वाचणारा दचकेल. काताकानात लिहिलं की त्याला लगेच कळतं, हे परदेशी नाव आहे. जोशींना कुठलीच लिपी पुरती वाचवत नाही. ओ आखूड ठेवला तर ‘जोशी’ म्हणजे मुली-बायका, लांबवला तर ‘जोऽशी’ म्हणजे ऑफिसातले वरिष्ठ साहेब; व्हिजिटिंग कार्ड छापायला देण्याआधी ती आडवी रेघ द्यायची की नाही हे त्यांनी ठरवून घ्यावं.